डेन्मार्कच्या चर्चच्या वह्या ऑनलाइन: सगळं फुकट, पण नाव टाकून शोधायची सोय नाही

नवरा डॅनिश, राहतो ऑर्हूसला. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला काहीतरी वेगळं द्यायचं म्हणून त्यांच्या आजीचं माहेर शोधायला बसले. आधी एका पैसे घेणाऱ्या साइटवर आयता वंशवृक्ष मिळाला, खूश झाले, मग नीट बघते तर त्यात आई मुलापेक्षा फक्त चार वर्षांनी मोठी! पैसे गेले ते गेलेच. मग इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'आर्किवालियर ऑनलाइन'वर गेले.

तर ही साइट म्हणजे जन्म, लग्न, मृत्यू नोंदवायच्या चर्चच्या जुन्या वह्यांच्या पानांचे फोटो. एक क्रोनसुद्धा लागत नाही, पानं डाउनलोड करा हवी तेवढी. पण आजोबांचं नाव टाकलं की माणूस समोर, असं काही नाही. आम्ट, हेरेड, सोग्न अशा उतरंडीने जायचं, म्हणजे आपलं जिल्हा, तालुका, गाव समजा, आणि मग एकेक पान उलटत बसायचं. सोग्नच माहीत नसेल तर 1845 ची जनगणना बघा, माणूस कुठे जन्मला ते त्यात पहिल्यांदा लिहिलंय. माझं घोडं तिथूनच पुढे सरकलं.

1814 पासूनच्या वह्या म्हणजे सुख आहे. छापील रकाने, मुलगे वेगळे मुली वेगळ्या, लग्नं, मृत्यू, गावात कोण आलं कोण गेलं. कन्फर्मेशनच्या, म्हणजे मुलं मोठी झाली की चर्चमध्ये श्रद्धा पक्की करायच्या विधीच्या, नोंदीत देवीची लस कधी टोचली तेपण, कारण लस नाही तर कन्फर्मेशन नाही असा कायदाच होता. शिवाय प्रत्येक वहीची दुसरी प्रत असायची आणि दोन्ही रात्री एका छपराखाली ठेवायच्या नाहीत, आग लागली तर एक तरी उरावी म्हणून. बॅकअप काय ते ह्यांच्याकडून शिकावं!

त्याआधीचं मात्र ज्याच्या त्याच्या पाद्रीबुवांच्या मर्जीवर. तारीख म्हणून काय, तर 'ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार' (ट्रिनिटी हा चर्चचा एक सण), मग त्या वर्षी तो कधी आला ते सणांच्या तक्त्यात शोधा. अक्षर गॉथिक, माझे आजोबा मोडी वाचायचे तेव्हा मला जसं दिसायचं अगदी तसं, एका ओळीला अर्धा तास गेलाय माझा. नवरा डॅनिश असून त्याला एक शब्द लागत नव्हता, मग कशाला उगाच ऐट!

नावांचा घोळ मला मात्र सोपा गेला. पेदरचा मुलगा येन्स तो येन्स पेदरसेन, आणि येन्सचा मुलगा पुन्हा पेदर येन्सेन. आपण बापाचं नाव मधे लावतो, हे शेवटी लावायचे एवढंच. 1828 ला सरकारने घराण्याला एकच आडनाव ठेवा म्हणून सांगितलं तरी खेड्यात कितीतरी वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. एकाच गावात तीन येन्स पेदरसेन निघाले तर बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावं वाचा, बहुतेक काका-मावश्याच असतात. सासूबाईंच्या घराण्यातला खरा येन्स मला असाच सापडला, बाळाला चर्चमध्ये घेऊन जाणारी त्याची बहीण होती म्हणून.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो शोधायच्या सोयीचा. सासूबाईंना 1819 चं पान फ्रेम करून दिलं, त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता आलं नाही, तरी हॉलमध्ये लावलंय.