ड्रायरचा व्हेंट नव्याने बसवला, हिवाळाभर वापरला: पाइप उत्तम, झडप डोक्याला ताप

ऑक्टोबरात आमचा ड्रायर गार पडला. ड्रम फिरतोय, पण कपडे घातले तसेच ओले. सर्व्हिसवाला आला, थर्मल फ्यूज बदलला, यायचे आणि पार्टचे असे दोन्ही पैसे घेतले आणि दारातून निघताना म्हणाला, "मशीन जुनं झालंय, नवीन बघून ठेवा." थँक्सगिव्हिंगच्या आत तो नवा फ्यूजही उडाला. परत त्याच कंपनीला फोन केला, तर यायचे पैसे पुन्हा द्यावे लागतील, कारण म्हणे ही 'नवीन तक्रार' आहे. तिथे माझं डोकं फिरलं.

किरकोळ किमतीचा फ्यूज लागोपाठ दोनदा उडतो, म्हणजे फ्यूज आपलं काम चोख करतोय. गरम हवेला बाहेर पडायला वाट नाही, ती आत तुंबते, तापमान हद्दीबाहेर जातं आणि फ्यूज स्वतः जळून पुढचा अनर्थ टाळतो. त्या माणसाने घराबाहेर चक्कर मारून व्हेंटच्या, म्हणजे ड्रायरची गरम हवा बाहेर नेणाऱ्या पाइपच्या, तोंडाकडे नुसतं पाहिलं असतं तरी त्याला कळलं असतं. त्याऐवजी नवीन ड्रायरचं दुकान दाखवून गेला.

आमचं न्यू जर्सीतलं टाउनहाउस, ड्रायर इलेक्ट्रिक, लाँड्री कपाटवजा जागेत. आधीच्या मालकाने मागे पांढरी प्लास्टिकची, तारेच्या वेटोळ्यांची नळी लावलेली. ती तशीच फ्लोअरमधून खाली बेसमेंटमध्ये उतरवलेली, आणि तिथून पुढे वळसे घेत पत्र्याच्या पाइपने बाहेर. बाहेरच्या तोंडाला पक्षी शिरू नयेत म्हणून बारीक जाळी, आणि त्या जाळीवर गोधडीत भरता येईल इतकं लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटलेले धागे. प्लास्टिकची नळी आणि जाळी, दोन्ही गोष्टी इथल्या निवासी बांधकाम कोडमध्ये बसत नाहीत. घर घेताना इन्स्पेक्शनला चांगले घसघशीत पैसे मोजले होते. त्या अहवालात खिडकीच्या खरचटलेल्या रंगाचा फोटो आहे, या नळीबद्दल चकार शब्द नाही.

नवीन पाइपचा खर्च सगळा मिळून शंभर डॉलरच्या आत आला: 4 इंची गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे पाइप, दोन एल्बो (वळणाचे तुकडे), ड्रायरमागची धातूची लवचिक नळी, अॅल्युमिनियमची चिकटपट्टी आणि बाहेरचं हूड, म्हणजे पाइपच्या तोंडावरचं झाकण. व्हेंट बसवणाऱ्यांनी याच्या कितीतरी पट कोटेशन दिलं होतं. नवरा म्हणाला, "देऊन टाक." मी दिले नाहीत.

आधी लांबीचा हिशोब. कोड 35 फूट देतो, पण प्रत्येक 90 अंशाच्या वळणाला त्यातले 5 फूट कापतो, 45 अंशाला अडीच. (ड्रायरच्या कंपनीने पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असेल तर ती चालते, म्हणून पुस्तिका आधी शोधा.) जुना मार्ग 22 फूट आणि चार वळणं, म्हणजे 42 फुटांचा भार. नवीन मार्ग बेसमेंटच्या तुळयांमधून सरळ बाजूच्या भिंतीला नेला: 17 फूट, दोन वळणं, 27. भोक नवीन पाडावं लागलं, पण सगळा फरक इथेच पडला. लोक पाइप बदलतात आणि वळणं तशीच ठेवतात, मग म्हणतात काही उपयोग झाला नाही.

बसवताना जपायच्या गोष्टी सांगते. पाइपचं चुण्या पडलेलं, बारीक टोक हवेच्या दिशेला, म्हणजे बाहेरच्या बाजूला हवं. उलटं लावलं तर प्रत्येक सांध्याच्या कडेला लिंट अडकत राहतं. कापायचा असेल तर चुण्या नसलेल्या बाजूने कापा, आणि जाड हातमोजे घाला, त्या पत्र्याला ब्लेडसारखी धार असते. सांध्यांत लांब स्क्रू नकोत. आत 1/8 इंचापेक्षा जास्त टोक निघालं की त्याला धागे धरतात. कापडी डक्ट टेप उष्णतेने वाळून सुटते, म्हणून अॅल्युमिनियमची पट्टीच घ्या. दर 12 फुटांच्या आत पाइपला आधार हवा, मी त्याहून जवळ पट्ट्या मारल्या. भोक पाडण्याआधी भिंतीत वायर किंवा गॅसचा पाइप नाही ना, ते दोन्ही बाजूंनी बघा. तोंड खिडकी-दारापासून निदान 3 फूट दूर, आणि जमिनीपासून फूटभर तरी वर, नाहीतर बर्फ पडला की बुजलंच. ड्रायरमागची लवचिक नळी 8 फुटांपेक्षा लांब नको, एकसंध हवी, आणि ती भिंतीत किंवा फ्लोअरमध्ये घालायची नाही. आमच्याकडे नेमकं हेच केलेलं होतं. आणि हो, ड्रायर सरकवण्याआधी प्लग काढा. 240 व्होल्टचं प्रकरण आहे ते.

बाहेरची भिंत एचओएची (घरमालकांची संघटना, आपल्याकडच्या सोसायटीसारखी), म्हणून परवानगीचा अर्ज. त्यांनी हूडचा रंग विचारला. आत आग लागेल का, हे कोणी विचारलं नाही.

डिसेंबरमधलं माझं मत: दहापैकी दहा. पूर्वी टॉवेलांना दोन फेऱ्या लागायच्या, आता पाऊण तासात कोरडे. एका फेरीला साधारण 3 युनिट जातात, म्हणजे प्रत्येक वेळी तेवढी वीज नुसती भिंतीत जिरत होती. लाँड्रीतला दमट वास गेला. फ्यूज अजून शाबूत आहे.

मग जानेवारी आला आणि झडप वाजायला लागली.

हूडवर एकच पत्र्याची झडप असते. ड्रायर चालू झाला की हवेने उचलते, बंद झाला की पडते. आमची नवी भिंत वायव्येला. हिवाळ्यातला वारा तिकडूनच येतो आणि रात्रभर खट्, खट्, मग थोडं थांबून खट्. वर आमची बेडरूम. दिवसा बेसमेंटमध्ये पाइपला हात लावला तर गार, म्हणजे फटीतून थंडी थेट आत. हीटिंगचं बिल मी भरते, त्यामुळे ती फट मला पैशांतच दिसायची. एकदा तर ओलसर वाफेने झडप कडेला गोठून बसली आणि केटलीतलं गरम पाणी ओतून सोडवावी लागली.

चार आडव्या पट्ट्यांची, खिडकीच्या ब्लाइंड्ससारखी हूडं मिळतात, ती मी घेणार नाही. एकेका पट्टीत लिंट अडकतं आणि ती अर्धवट उघडी राहते. मग तरंगत्या कपाचं हूड लावलं: आत एक प्लास्टिकचा कप, हवा आली की वर उचलला जातो, एरवी बसून राहतो. आवाज शून्य, थंडी शून्य. आठवडाभर मी सगळ्यांना सांगत सुटले की हेच घ्या. फेब्रुवारीत कपडे पुन्हा दमट निघायला लागले. उघडून पाहिलं तर कपाच्या भोवती लिंटचं कडं. त्यात नव्या पंच्यांचा दोष जास्त. सासूबाईंनी साताऱ्याहून डझनभर आणलेत, प्रत्येक धुण्याला मूठभर सूत सोडतात. पण झडप अशी हवी की पंचे धुतले तरी चालली पाहिजे. कप काढून टाकला. आता पुन्हा जुनं एका झडपेचं हूड आहे, खाली कडेला फेल्टचा पातळ तुकडा चिकटवलाय. आवाज निम्मा झाला. थंडी येतेच. झडपेला घट्ट चुंबक लावायचा सल्ला अनेकांनी दिला. नको. ज्या हवेला मोकळी वाट देण्यासाठी एवढा खटाटोप केला, तिलाच धक्का देऊन दार उघडायला लावायचं?

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच: "उन्हाला कोण पैसे मागतं?" खरं आहे, पण आमच्या एचओएला दोरीवरचे कपडे दिसलेले चालत नाहीत. मग त्यांनी सुचवलं की एवढी ऊबदार हवा बाहेर का घालवता, घरातच सोडा. आमच्या मराठी ग्रुपवरही कोणीतरी पाण्याच्या डब्यात नळी सोडायचं किट सुचवलं होतं. काटकसरीच्या बाबतीत मी कोणाला हार जाणारी नाही, पण यात पडू नका. एका धुण्यातून दीड-दोन लिटर पाणी वाफ होऊन निघतं. ते थंडीत खिडक्यांवर आणि भिंतींत बसणार, मग बुरशी.

पुण्याहून बहिणीने विचारलं, फ्लॅटमध्ये हे सगळं कसं करायचं? करूच नकोस. हीट पंप किंवा कंडेन्सर ड्रायर घे, त्यांना व्हेंट लागतच नाही. महाग असतात आणि वेळ जास्त घेतात, पण गॅलरीच्या भिंतीला भोक पाडायला सोसायटीकडे भांडावं लागत नाही.

साफसफाईचं सांगायचं तर ड्रायरच्या आतली लिंटची जाळी प्रत्येक फेरीनंतर, आणि पाइप लांब ब्रशने वर्षातून एकदा. आमच्या पंच्यांमुळे मी दोनदा करणार. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या काळासाठी घरगुती ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे 2,900 धरल्या होत्या, आणि त्यांचं सगळ्यात मोठं कारण 'साफ न करणं' हे होतं, 34 टक्के. सर्वाधिक आगी जानेवारीत. तो आकडा वाचल्यावर नवऱ्यानेही ब्रश हातात घेतला.

पाइपला पाचपैकी पाच. झडपेला दोन, तेही फेल्टच्या तुकड्यामुळे.

ज्यांचा ड्रायर गॅसचा आहे त्यांनी माझं बघून मशीन स्वतः सरकवू नये. गॅसचा सांधा लायसन्सवाल्याकडूनच सोडवून-जोडून घ्या, आणि लाँड्रीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का ते आजच बघा. तिथे व्हेंट तुंबला की कपडे ओले राहतातच, वर जळलेल्या गॅसचा धूर घरात येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.