नदीकाठचा दुरुस्त वाडा की लेआउटमधला बंगला? खानदेशात परतणाऱ्यांसाठी

पुण्याहून किंवा सुरतेहून निवृत्त होऊन गावाकडे यायचं ठरलं की खानदेशी माणसापुढे हल्ली दोन घरं येतात. एक म्हणजे जुन्या गावठाणात नदीच्या अंगाला असलेला, कुणीतरी हौसेनं दुरुस्त करून घेतलेला वडिलोपार्जित वाडा. दुसरं म्हणजे बायपासजवळच्या एनए (बिगरशेती) प्लॉटवरचा नवा बंगला, पुढे पोर्च आणि वर काळी टाकी. भाव जवळपास सारखा निघाला की माणूस अडकतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. घराला वर्षातले सात-आठ महिने कुलूप राहणार असेल तर वाडा घेऊ नका, तो कितीही देखणा असो. बंगला कुलपावर निभावतो. वाड्यात रोज चूल पेटली पाहिजे आणि रोज कुणीतरी वर बघितलं पाहिजे.

वर म्हणजे धाब्याकडे. सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर फूटभर माती, असं हे छप्पर. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा या मातीची आणि दोन हात जाड भिंतींची किंमत कळते. दुपारचं ऊन आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर घरातली माणसं अंथरुणं घेऊन धाब्यावर गेलेली असतात. बंगल्याचा पाच इंची स्लॅब दुपारीच तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत धग सोडत राहतो. गच्चीवर पांढरा रंग किंवा चिनी मोझॅक केल्यानं फरक पडतो, पण वाड्याची बरोबरी होत नाही. एसीचं गणित मात्र उलटं आहे. बंगल्याच्या बंद खोलीत तो काम करतो, वाड्याच्या उंच माळ्याखाली आणि फटी असलेल्या दारांमागे फक्त बिल वाढवतो. वाड्यात कूलर बरा. आपल्याकडचा मे कोरडा असल्यानं तो चांगला चालतो, मृगानंतर हवा दमट झाली की निरुपयोगी.

वाडा विकणारा हमखास मे महिन्यातच दुपारी घर दाखवायला बोलावतो. त्या गारव्यात कुणीही भुलेल. तुम्ही जुलैत, चार दिवसांच्या झडीनंतर जा.

तेव्हा काय बघायचं? आधी दुरुस्ती नेमकी कशाची झाली ते. धाबं जुन्या पद्धतीचंच ठेवलं असेल तर दरवर्षी मृगाआधी त्यावर खारी माती टाकून दाबून घ्यावी लागते, गवत उपटावं लागतं, पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात. एक पावसाळा चुकला की पाणी तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी मुरतं. साग मधोमध शंभर वर्षं टिकतो, पण कुजतो तो तिथेच, जिथे डोळ्यांना दिसत नाही. शिडी मागवा आणि प्रत्येक तुळईचं टोक ठोकून बघा. आवाज पोकळ आला की समजून घ्या.

काही जण धाब्यावर उंच पत्र्याची छपरी टाकतात. वाड्याची शोभा जाते खरी, पण माझ्या मते हा सगळ्यांत शहाणा उपाय. माती कोरडी राहते, खालचा गारवा टिकतो. धाब्यावर विटांचा कोबा घातलेला दिसला तर मात्र वजनाचा हिशेब विचारा. फूटभर मातीचंच वजन चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो होतं, म्हणजे पाच इंची काँक्रीट स्लॅबपेक्षाही जास्त. त्यात कोब्याची भर. आणि माती काढून जुन्या मातीच्या भिंतींवर थेट स्लॅब ठोकला असेल, खाली स्वतंत्र कॉलम नसतील, तर चहा पिऊन परत या.

दुसरी तपासणी भिंतींची. मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीत जमिनीतली ओल चढते आणि बाहेर पडते. तिला वाट लागते. सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत ऑइलपेंट लावला की ही वाट बंद होते. ओल आतून वर सरकते, दोन-तीन फुटांवर खार फुटतो, पोपडे येतात. नव्या रंगाखाली हे एक हिवाळाभर लपतं. चुन्याचा गिलावा असेल, किंवा निदान खालची तीन फूट भिंत उघडी ठेवली असेल, तर दुरुस्ती जाणत्यानं केली आहे असं धरा. वाळवी आणि घुशी यांची चौकशी वेगळी करा. घूस मातीचा पाया पोखरते आणि वरून काही कळत नाही.

बंगलाही निर्दोष नाही. जुनं गावठाण पांढरीवर वसलेलं, नवे लेआउट बहुतेक काळीवर पडलेले. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात. बिल्डरला एकच विचारा, मुरूम किती फुटांवर लागला? उत्तर लगेच आलं तर पाया त्यानं स्वतः बघितलेला आहे.

आता नदी. जाहिरातीत ‘नदीकाठ’ वाचून मनात येतो तो देखावा खानदेशात चार महिन्यांचा. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरीच्या कोरड्या पात्रातच भरते, यावरून काय ते समजा. उन्हाळ्यात खिडकीतून दिसेल वाळू, वेडी बाभूळ, गावचा नाला आणि गिरणेकाठी असाल तर वाळूची ट्रॅक्टरं. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज असल्यानं तिथे पाणी अडतं आणि देखावा जास्त टिकतो. पण तापीचा काठ म्हणजे खोल गाळाची माती. उंच दरडी पावसात कडेनं ढासळतात. परसदार नदीकडे असेल तर कडेपासूनचं अंतर स्वतः मोजा आणि दहा वर्षांपूर्वी ते किती होतं ते शेजारी विचारा.

पूर वेगळाच. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी शहरात शिरल्या, एरवी या नद्यांची कुणी दखल घेत नाही. तापीकाठी तर तुमच्या गावात थेंब न पडताही पाणी चढतं. बऱ्हाणपूरकडे आणि पूर्णेच्या खोऱ्यात झड लागली की हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडायला लागतात. कागदावर बघायच्या त्या दोन पूररेषा, निळी पंचवीस वर्षांतल्या आणि लाल शंभर वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत नव्या बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटी. वाडा निळीच्या आत असेल तर पुढे एक खोली वाढवायची म्हटली तरी अडेल. नकाशा जलसंपदा विभागाकडे असतो. पण त्याच्याही आधी गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारा, ‘माय, पूरनं पानी कोठलोंग उनं व्हतं?’ ती भिंतीवर हात ठेवून दाखवेल. तो हात ओट्याच्या वर असेल तर वाड्याचा विषय संपला.

राहण्याची सोय ज्यानं त्यानं आपल्या गुडघ्यांना विचारून ठरवावी. वाड्याचे जिने उभे, उंबरे उंच, संडास बहुधा परसदारी, आणि गल्लीत अ‍ॅम्ब्युलन्स वळत नाही. बाजार, डॉक्टर, देऊळ मात्र पायी. लेआउटमध्ये दुधासाठीही गाडी काढावी लागते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई, म्हणजे खानदेशची देवी, बसत असेल तर हिशेब आणखी बदलतो. तिच्या रोटांच्या प्रसादाला जमणारे भाऊबंद बंगल्याच्या हॉलमध्ये मावत नाहीत, चौकात मावतात, आणि सोमवारी विसर्जनाला नदी दारातच.

कर्ज नव्या बंगल्यावर सहज मिळतं. वाड्यावर बँक इमारतीचं वय बघते आणि मुदत कमी करते. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पुराचं नुकसान धरलं जातं, पण मातीच्या भिंतींचं घर विमा कंपनी कशात मोजते ते आधी लेखी घ्या. बंगल्याचा सातबारा, एनए आदेश, मंजूर लेआउट एका दिवसात तपासून होतात. वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आजोबांचंच नाव असतं आणि वारस पाच गावांत विखुरलेले. बहिणी-आत्या धरून प्रत्येकाची सही किंवा हक्कसोड पत्र हवं. ‘ती काही बोलणार नाही’ या शब्दावर पैसे देऊ नका.

मन वाड्याकडेच ओढत असेल तर विसार पावतीत एक अट घाला: पावसाळा संपेपर्यंत भाड्यानं राहणार, खरेदीखत दसऱ्यानंतर. खरोखर नीट दुरुस्त केलेल्या वाड्याचा मालक याला सहसा नाही म्हणत नाही. धाबं घातलेल्या मिस्त्रीचा नंबरही त्याच्याकडून घ्या, आणि त्या मिस्त्रीच्या हाताखाली कुणी तयार झालाय का, तेही विचारा.