ईकोच्या मागच्या स्प्रिंगा: जाड तारेच्या टाकल्या, मग काढल्या

माझ्या मारुती ईको व्हॅनची मागची डावी स्प्रिंग नागपूरच्या कळमना बाजारातून भाजी भरून येताना तुटली. खालचा अर्धा वेढा सुटून ॲक्सलवरच्या वाटीत पडला होता. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग जुन्या जंगानं काळा आणि निम्मा ताजा चकचकीत. 2012 ची गाडी, मूळची स्प्रिंग, तिनं भरपूर सोसलं. वाटीत चिखल साचतो, रंग उडतो, जंगानं बारीक खड्डा पडतो आणि तिथूनच चीर सरकत जाते. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. राग आहे तो त्यानंतर जे काही गळ्यात मारलं गेलं त्याचा.

ओम्नीवाल्यांचं बरं असतं. त्यांना मागे पाट्यांची स्प्रिंग, गाडी मागून खाली बसली की कमानवाला एक पाटा वाढवून देतो. ईकोला मागे कॉइल, म्हणजे वेढ्यांची स्प्रिंग, आणि तिथे मेकॅनिक लोक तीनच उपाय सांगतात: जाड तारेची लोकल स्प्रिंग, भंगारातली जुनी जोडी, नाही तर वेढ्यांत रबरी बफर. कंपनीची स्प्रिंग घ्या म्हणणारा एकही भेटला नाही. "भाऊ, कंपनीचीच बसून राहिली ना, मग तीच काहून टाकता?" ऐकायला पटतं. किंमतही निम्म्याहून कमी होती, म्हणून जाड तारेची जोडी घेतली.

पहिल्या महिन्यात हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते. माझा केटरिंगचा धंदा आहे. भरलेली पातेली, शेगड्या, दोन सिलिंडर आणि मागे माणसं, एवढं घेऊनही गाडी सपाट उभी राहायची. रात्री समोरचे लोक डिपर मारायचे थांबले, कारण मागून बसलेल्या गाडीचे हेडलाइट आभाळाकडे जातात ते आता रस्त्यावर आले. मी दोघातिघांना हीच जोडी सुचवलीसुद्धा.

मग लग्नसराई संपली आणि गाडी रिकामी धावायला लागली. नागपूरचे सिमेंट रस्ते माहीतच आहेत. त्यांचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. चाळीसच्या वेगात गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, म्हणजे दर सेकंदाला दोन-अडीच धक्के, तेही एका लयीत. जाड स्प्रिंगवरची रिकामी गाडी नेमकी त्याच लयीत उड्या मारते. जुने शॉकअप मूळच्या स्प्रिंगच्या हिशेबानं बनलेले, ते ही उसळी आवरू शकत नाहीत. पस्तीस-चाळीसला मागचा भाग नाचायचा, वेग वाढवला की शांत व्हायचा. शहरात वेग वाढवणार कुठे? मागे बसणाऱ्या काकू एक दिवस सरळ म्हणाल्या, "भाऊ, कंबर मोडून राहिली. उद्यापासून मी बसनं येतो." पंधरा वर्षं माझ्याकडे पोळ्या लाटणाऱ्या बाईनं असं म्हणावं, हे मला लागलं.

स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. दहा मिलिमीटरची तार अकरा केली तर दिसायला काहीच फरक नाही, पण स्प्रिंग 46 टक्के ताठ होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी सांगत नाही: जुनी स्प्रिंग बसते म्हणजे ती मऊ होत नाही. पोलादाचा ताठपणा जवळपास तेवढाच राहतो, कमी होते ती उंची. उंची गेली की ॲक्सल लवकर बंपस्टॉपला, म्हणजे त्याला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकतो आणि दणका बसतो. आपल्याला वाटतं स्प्रिंग कमजोर झाली, म्हणून जाड घेऊया. खरं तर फक्त गेलेली उंची परत हवी असते. वेढ्यांत बफर कोंबला तर तिथले वेढे हलत नाहीत आणि सगळा ताण उरलेल्यांवर येतो. आणि गॅसनं तापवून स्प्रिंग "सेट" करणाऱ्याकडे तर जाऊच नका, पोलादाचं पाणी तिथेच उतरतं.

पावसाळ्यानंतर गाडी उजवीकडे कलायला लागली. फेंडरखाली टेप लावला तर डाव्या-उजव्यात पावणेदोन सेंटीमीटरचा फरक. दोन्ही स्प्रिंगा काढून फरशीवर शेजारी उभ्या केल्या, उजवी उघड्या डोळ्यांनी बुटकी दिसत होती. पक्कं बिल घेऊन दुकानात गेलो. आधी "ओव्हरलोड केली असंल", मग "स्प्रिंगला वॉरंटी नसते भाऊ", शेवटी "खाली वायसर (वॉशर) टाकून घ्या". एकाच गाडीत, एकाच ओझ्याखाली एक बसते आणि दुसरी बसत नाही, यात ओव्हरलोड कुठून आला? याचं उत्तर मिळालं नाही, पैसेही नाहीत.

चेसिस नंबर देऊन कंपनीची जोडी मागवली. बसवणं सोपं आहे. जॅक लावायचा, शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे, ॲक्सल खाली सोडला की स्प्रिंग हातात येते. पुढच्या स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीला) लागतो तसा स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर इथे लागत नाही. उड्या पहिल्याच दिवशी थांबल्या. पण प्रत्येक सांध्यावर मागून टण् असा आवाज यायला लागला, आणि या आवाजानं माझी झोप उडवली.

तो स्प्रिंगखालच्या रबरी पॅडचा निघाला. मेकॅनिकनं जुनेच पॅड परत लावले होते. काढून पाहिले तर लाकडासारखे कडक, जुन्या स्प्रिंगच्या तारेनं त्यात खोल खाच पाडलेली, एका ठिकाणी आरपार. नवी स्प्रिंग त्या खाचेत नीट बसत नव्हती, शेवटचा वेढा थेट लोखंडावर आपटत होता. रंग तिथे आत्ताच खरवडला गेला होता, म्हणजे जंग लागायला पुन्हा तीच जागा. आधीची स्प्रिंग जिथून तुटली तीच. हा पॅड स्प्रिंगच्या किमतीपुढे काहीच नाही, पण एकाही मेकॅनिकनं, एकाही दुकानदारानं त्याचं नाव काढलं नाही. मी आता ज्याच्या त्याच्या ईकोखाली वाकून आधी पॅड बघतो. नवे पॅड टाकले, खरवडलेल्या जागी रंग मारला, आणि आवाज बंद.

पूर्ण माल भरला की गाडी जाड स्प्रिंगांपेक्षा दोन बोटं खाली बसते, मोठ्या स्पीडब्रेकरवर बंपस्टॉपला टेकतेही. म्हणून सिलिंडर आता पुढच्या सीटच्या पाठीला लावून बांधतो, वजन ॲक्सलच्या मागे राहत नाही. काकू परत गाडीनं येतात. ज्यांची गाडी निव्वळ मालाची आहे आणि कधीच रिकामी धावत नाही, त्यांना जाड तार चालेल, फक्त घेताना दोन्ही शेजारी उभ्या करून उंची बघा. माणसं बसत असतील तर कंपनीचीच घ्या, आणि पॅड त्याच ऑर्डरमध्ये मागवा. मला पॅडसाठी ॲक्सल दुसऱ्यांदा उतरवावा लागला आणि मजुरी दोनदा मोजावी लागली.