मोदक फॉन्ट : फटी सांभाळा, बाकी तो बघून घेतो

मुलांच्या शिबिरांची पोस्टरं, दिवाळी फराळाच्या डब्यांवरची लेबलं, एका बालवाचनालयाच्या पाट्या. अशा कामांसाठी गेलं जवळपास वर्षभर मी ‘मोदक’ वापरतेय. मुंबईच्या ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा हा फॉन्ट. देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलंय, सोबत त्याच वळणाची रोमन अक्षरंही आहेत. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो आणि ओपन फॉन्ट लायसन्समुळे धंद्याच्या कामालाही चालतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला वेगळा खर्च सांगावा लागत नाही.

जाड देवनागरी फॉन्ट पुष्कळ आहेत. त्यातले बरेचसे आधी सडपातळ काढून मग फुगवलेले वाटतात. मोदकमध्ये मात्र जाडीपासूनच सुरुवात झाल्यासारखी दिसते. क, ब, व यांच्या पोटातली पोकळी इथे जवळजवळ नाहीशीच झालीय, उरलीय ती एक बारीक पांढरी फट. डोळा त्या फटीवरूनच अक्षर ओळखतो. हे काढणं किती अवघड असेल, ते एकदा स्वतः जाड मार्करने ‘क्षणभर’ लिहून बघा म्हणजे कळेल.

पण म्हणूनच हा फॉन्ट वापरणं म्हणजे त्या फटींची राखण करणं. वेबसाइटवर लावताना ही गोष्ट पहिल्यांदा समोर येते. मोदकचं वजन, म्हणजे अक्षराच्या जाडीची पायरी, एकच आहे, ४००. ब्राउझर मात्र मथळ्याच्या टॅगला आपणहून बोल्ड करतो. बोल्ड फाइल सापडली नाही की तो अक्षरं स्वतःच फुगवतो आणि फटी बुजून जातात. मथळ्याचं फॉन्ट-वेट ४०० असं स्पष्ट लिहिलं की प्रश्न मिटतो. वर्डमध्येही ‘बी’चं बटण दाबायचं नाही. आधीच एवढ्या जाड अक्षराला अजून बोल्ड का करावंसं वाटतं, देव जाणे, पण गिऱ्हाइकं करतात.

छपाईत खरी परीक्षा होते. कागदावर शाई थोडी पसरतेच. पांढऱ्यावर काळी अक्षरं छापली की शाई चारी बाजूंनी फटीत शिरते, आणि लेबल लहान असेल तर ‘ब’ आणि ‘व’ एकाच साच्यातले दिसायला लागतात. उलट गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं सोडली तर फटीच शाईच्या होतात. त्या पसरून किंचित ठसठशीत होतात आणि अक्षर सुटं दिसतं. म्हणून लेबलांवर मी आता शक्यतो मरून पट्टीत पांढरा मोदक सोडते. स्क्रीन प्रिंटिंगच्या पिशव्यांनाही तेच. व्हाइनिल कटिंगला, म्हणजे स्टिकरच्या कागदातून अक्षरं कापून काढायच्या कामाला, मात्र हा फॉन्ट देऊच नका. त्या केसासारख्या पट्ट्या सोलून काढताना कारागीर तुमचा उद्धार करेल.

आउटलाइन हवी असेल तर अक्षरालाच स्ट्रोक (कडेची रेघ) देऊ नका, कारण तो आतल्या बाजूनेही सरकतो. त्याच मजकुराची एक प्रत खाली ठेवायची, जाड स्ट्रोक द्यायचा तो तिला, आणि वर मूळ अक्षर जसंच्या तसं. खालचा रंग फटींतून डोकावतो. पिवळ्या अक्षरात जांभळ्या फटी! शिबिराच्या पोस्टरवर मुलं त्या रेघांवरून बोटं फिरवत होती.

मजकूर किती हवा? दोन-तीन शब्द. ‘उन्हाळी शिबिर’, ‘खाऊगल्ली’, ‘भाजणी चकली’. चार ओळींची सूचना मोदकमध्ये लावली की नुसता काळा ढीग दिसतो. ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’ असल्या भरगच्च जोडाक्षरांचे शब्द मी या फॉन्टसाठी टाळतेच. दोन ओळी असतील तर मधलं अंतर सढळ ठेवा, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांवर बसतात. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. शिरोरेषा तुटते, मग सगळी मजा गेली.

खालच्या तपशिलासाठी मी एक टाईपचाच ‘मुक्ता’ घेते. त्यात सात वजनं आहेत, स्वभाव शांत आहे, आणि मोदकच्या बोलण्यात तो मध्ये पडत नाही. ‘बालू’ही जोडीला लावून बघितला, पण तोही गोलमटोल असल्याने दोघं एकाच जागेसाठी भांडतात. खेळकर पण लांबूनही नीट वाचता येईल असं काही हवं असेल, म्हणजे दुकानाची पाटी वगैरे, तर मी सरळ बालू घेईन. त्यात पाच वजनंही मिळतात.

फ्लेक्सवाल्याकडे पाठवताना फाइल कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार करूनच द्या. मोदक युनिकोड आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच प्रेसमध्ये अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम चालतं. फोटोशॉपमध्ये काम करत असाल तर भारतीय लिप्यांचा कंपोझर (अक्षरं नीट जुळवणारी सेटिंग) चालू आहे ना, तेवढं बघा. नाहीतर ‘शिबिर’ची पहिली वेलांटी भलतीकडे जाते.

माझी एकच मागणी आहे. लहान आकारासाठी फटी थोड्या रुंद ठेवलेला दुसरा कट, म्हणजे याच फॉन्टचं वेगळं रूप हवं, लेबलांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर चालेल असं. परवाना फॉन्टमध्ये बदल करायची मोकळीक देतो, तेव्हा ज्याला फॉन्ट-एडिटर येतो त्याने मनावर घ्यावं. तपासायला चकलीची लेबलं माझ्याकडे भरपूर आहेत.