कॉम्प्युटरचा गोल सेल बदलला, त्याला आठ महिने झाले

खानापुरात आमचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान. निम्मी गिऱ्हाइकं उताऱ्याला येतात, आणि कर्नाटकात उताऱ्याला आरटीसी म्हणतात. कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाचं नावही आरटीसीच, हे ते बंद पडल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी काळ्या पडद्यावर ‘चेकसम एरर, एफ१ दाबा’. दाबलं, तर विंडोज येता येता निळा पडदा. हार्ड डिस्क गेली म्हणून दीड तास डोकं धरून बसलो. डिस्क ठणठणीत होती. मशीन बंद असताना घड्याळ आणि सेटिंग सांभाळणारा बोर्डावरचा गोल सेल संपल्याने सेटिंग पुसलं गेलं आणि साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयचा आयडीई झाला होता. मग रोज सकाळी सेटअपमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यात) जाऊन एएचसीआय करायचं, तारीख घालायची, सेव्ह करायला एफ१० दाबायचं. एकदा तारीख विसरलो. मशीन २०१२ सालात, ब्राउझरला साइटचं सर्टिफिकेट पटेना, उताऱ्याच्या सरकारी ‘भूमी’ साइटचं पान उघडेना. बाकावरचे अण्णा म्हणाले, “काय ओ, तुमचं मशीन अजून बारा सालातच हाय की!”

आधी घड्याळवाल्याकडून पंधरा रुपयांचा सेल घातला. दोन महिन्यांत मीटरवर अडीच व्होल्ट. मग बेळगावातून पॅनासोनिकचा सीआर२०३२ आणला, साठ रुपये. (२० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ३२ म्हणजे जाडी ३.२.) वायर काढली, पॉवरचं बटण दाबून धरलं, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पत्ती सरकवली, सेल टुणकन वर. नवा बसवताना अधिकची खूण वर. त्याआधी सेटअपच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढला होता, म्हणून या वेळी सगळं दहा मिनिटांत आटोपलं.

सेल लवकर संपण्यात माझाही हात होता. प्लग चालू असेल तर घड्याळ बोर्डाच्या स्टँडबाय विजेवर चालतं, सेलवर भार नसतो. मी रात्री भिंतीचं बटण बंद करतो. वळवाच्या विजा कशा कडाडतात ते इकडच्यांना माहीत आहे, तेव्हा ती सवय सोडणार नाही. सेल बदलणं परवडलं.

श्रावणात तीन दिवस लाईट नव्हती. चौथ्या दिवशी नेट लागायच्या आधीच (नेटवरून वेळ आपोआप दुरुस्त होते) वेळ पाहिली: जेमतेम अर्धा मिनिट मागे. काल मीटर लावला, तीन व्होल्टच्या वरच आहे.