मिलेनियम पार्क, शिकागो: एका साऊंडवाल्याचा अभिप्राय

मिरजेत माझी उभी हयात स्पीकर लावण्यात गेली. गणपती, लग्नं, प्रचारसभा, उरूस, काही सोडलं नाही. आता धंदा पुतण्या बघतो, पण सवय जात नाही. कुठल्याही कार्यक्रमाला गेलो की स्टेजकडे नंतर, आधी खांबांकडे नजर जाते. स्पीकर कुठं टांगलेत, वायर कुठून फिरवलीय, मागच्या माणसाला काय ऐकू येणार. शिकागोच्या मिलेनियम पार्कात प्रिट्झ्कर पॅव्हिलियन या उघड्यावरच्या रंगमंचासमोर उभा राहिलो आणि मला खांबच सापडेनात.

मुलगी शिकागोजवळ नेपरव्हिलला असते. उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे असतो. जावई म्हणाले, "बाबा, तिथं रोज काहीतरी चालू असतं, आणि सगळं फुकट." फुकट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं दोन कर्णे, शिट्टी मारणारा माईक आणि तीन तास उशिरा येणारे प्रमुख पाहुणे असलं चित्र आलं. गेलो तर मान वर करून बघतच राहिलो.

स्टेज फ्रँक गेरी या आर्किटेक्टनं केलंय. पोलादी पत्र्याच्या मोठाल्या पाकळ्या उलगडल्यासारख्या दिसतात, फोटो सगळे त्याचेच काढतात. माझ्या मते खरी करामत समोरच्या हिरवळीच्या वर आहे. तिथं पोलादी नळ्यांची कमानदार जाळी आहे, साधारण 600 फूट लांब आणि 300 फूट रुंद, आणि स्पीकर सगळे त्या जाळीला टांगलेले. त्यामुळं मैदानात एकही टॉवर नाही, कुणाच्या नजरेआड काही येत नाही.

पण टांगणं सोपं. अवघड असतो तो आवाजाचा उशीर. आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास जातो. म्हणजे स्टेजपासून शंभर मीटरवर बसलेल्या माणसाला स्टेजवरचा मूळ आवाज पाव सेकंदाहून जास्त उशिरा मिळतो. डोक्यावरचा स्पीकर मात्र तारेतून आलेला आवाज तत्क्षणी फेकतो. मग एकच थाप दोनदा ऐकू येते आणि सगळ्या गाण्याचा काला होतो. आपल्याकडच्या मोठ्या सभांत भाषणाचा एकेक शब्द दोन-दोनदा येतो, तो याच कारणानं. इथं मागच्या प्रत्येक रांगेच्या स्पीकरला मोजून डिले, म्हणजे मुद्दाम उशीर, दिलाय. त्यामुळं कानाला वाटतं, आवाज थेट वाजवणाऱ्याच्या हातातून येतोय. शिवाय काही स्पीकर नुसते कडेनं हलका घुमार सोडतात, बंद सभागृहात भिंतीवरून आवाज परतावा तसा. उघड्यावर, भिंत नसताना! मी मुद्दाम हिरवळीच्या अगदी मागच्या टोकाला जाऊन बसलो. व्हायोलिनवाले मुंगीएवढे दिसत होते, पण त्यांचा गज तारेवरून उचलला गेलेला कळत होता. मागच्यांना ऐकू यावं म्हणून पुढच्यांचे कान फोडायचे, हा आपला सार्वत्रिक उपाय इथं लागतच नाही.

आता कार्यक्रम काय असतात ते. मुख्य म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल. ग्रँट पार्क ही मोठी बाग, मिलेनियम पार्क तिचाच एक कोपरा. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतो. बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, शनिवारी साडेसातला. स्वतःचा ऑर्केस्ट्रा, स्वतःचा गायकवृंद. हा प्रकार 1935 सालचा आहे, मंदीच्या काळातला. वादकांच्या हाताला काम नव्हतं, लोकांच्या खिशात पैसा नव्हता. वादकांच्या युनियनचे पुढारी जेम्स पेट्रिलो यांनी बागेत मोफत मैफली सुरू करायला लावल्या. तेव्हा जागा वेगळी होती, या पॅव्हिलियनमध्ये सगळं आलं 2004 साली. समोर चारेक हजार खुर्च्या आणि मागं हिरवळीवर सातेक हजार माणसं, एवढी मावतात.

मिरजेच्या माणसाला फुकट गाण्याचं तसं नवल नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, आणि दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं तिथं आजही तिकीट नसतं. कलाकार हजेरी लावायला येतात, आपण चिंचेखाली बसून ऐकायचं. गाण्यात आपण कुठं कमी नाही. पण फुकट ऐकणाऱ्याच्या कानासाठी कुणी एवढा पैसा आणि एवढी अक्कल खर्च केलेली मी पहिल्यांदा बघितली. आपल्याकडं फुकटाला चांगलं यंत्र लावा म्हटलं की संयोजक म्हणतो, "चालतंय की, तिकीट कुठं आहे?"

न आवडलेलंही सांगतो. खुर्च्यांचा पुढचा भाग सभासदांना आणि पैसे भरणाऱ्यांना राखीव असतो. संस्था चालवायला ते लागतं, समजू शकतो, पण फुकटवाल्याला कलाकाराचा चेहरा लांबूनच. दुसरं, पार्क शहराच्या मधोमध. संथ भाग चालू असताना मिशिगन अव्हेन्यूवरून आगीचा बंब बोंबलत जातो, त्याला डिले कोण देणार? आणि हिरवळीवरची मंडळी. चीज, द्राक्षं, वाइन, पाठ स्टेजकडं आणि गप्पा घरांच्या किमतींवर. ऐकायचं असेल तर खुर्च्यांतच जागा धरा. दाद द्यायचीही पंचाईत. सुरांची एक छान जागा आली आणि माझ्या तोंडून "क्या बात है" निघालं, तर पुढच्या बाईंनी वळून बघितलं. बाई हसल्या, तो भाग वेगळा.

सर्वात भारी गोष्ट मात्र जाहिरातीत कुठं ठळक नसते: दिवसाच्या तालमी. मैफलीच्या आठवड्यात दिवसा ऑर्केस्ट्राची तालीम इथंच होते आणि कुणीही जाऊन बसावं. गर्दी नाही. पर्यटक येतात, दोन मिनिटं बसतात, जातात. मी बसलो होतो तेव्हा वादक हाफ पँट आणि गॉगलमध्ये होते. संचालकानं हात वर करून सगळं थांबवलं, चेलोवाल्यांना (चेलो म्हणजे उभं धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन) काहीतरी सांगितलं, आणि तेवढाच तुकडा पुन्हा वाजवून घेतला. पहिल्या खेपेला चेलो बाकीच्यांच्या खाली दबत होते. दुसऱ्या खेपेला गज थोडा लांब ओढला असावा, सूर पोटातून वर आला. त्याच वेळी एक तंत्रज्ञ हातात टॅबलेट घेऊन हिरवळीवर फिरत होता. चार पावलं चालायचा, मान तिरकी करायचा, बोटानं काहीतरी सरकवायचा, पुन्हा चालायचा. संध्याकाळी त्या जागेवर कोण बसणार हे त्याला माहीत नाही. तरी ऐकत होता. मला त्याच्याशी बोलायचं होतं, पण माणूस कामात होता.

जूनमध्ये तिथंच ब्लूज फेस्टिव्हल असतो, 1984 पासूनचा, तोही मोफत. त्याला आवाज चढा आणि गर्दी तुफान. आमच्या सौभाग्यवतींना तोच जास्त आवडला, कारण लोक उठून नाचतात. मग मुलीनं तिला समरडान्सला नेलं. ग्रँट पार्कातच, थोडं दक्षिणेला, उघड्यावर नाचायची फरशी आहे. आधी तासभर शिकवतात, मग जिवंत बँडवर नाचायचं. साल्सा काय, स्विंग काय. मी बाकावर बसून पिशव्या सांभाळल्या.

अनिश कपूर यांचं 'बीन' हे आरशासारखं पोलादी शिल्प पार्कातच आहे. कपूर मुंबईत जन्मलेले, एवढं सांगून पुढं जातो, कारण त्या शिल्पासमोर सेल्फीवाल्यांची जत्रा असते. त्यापेक्षा रस्ता ओलांडा. तिथं आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय आहे, त्याच्या इमारतीत 1893 साली विवेकानंद बोलले होते. तेव्हा माईक नव्हता, हे आमच्या धंद्यातला माणूस विसरत नाही.

जायचं कसं, तर लोकलनं. नेपरव्हिलहून मेट्रा पकडून युनियन स्टेशनला उतरा, तिथून पूर्वेला मैलभर चाला. जावयांनी एकदा हौसेनं गाडी काढली, तर भूमिगत पार्किंगच्या पावतीत घरी चार माणसांचं जेवण झालं असतं. खाणं घरून नेता येतं. आम्ही थालीपीठ आणि दही नेलं, गेटवर पिशवी उघडून बघितली आणि सोडलं. फेस्टिव्हलच्या मैफलींना लोक वाइन आणतात, बाकी कार्यक्रमांचे नियम वेगळे असतात, ते आधी बघून ठेवा. सतरंजी जाडसर न्या, पाऊस पडून गेला असला की गवत ओलं असतं. आणि जूनमध्येसुद्धा सूर्य बुडाला की मिशिगन सरोवराकडून वारा सुटतो, स्वेटर बरोबर असूद्या.

फक्त लोलापलूझा या रॉक महोत्सवाचा आठवडा टाळा. त्या वेळी अख्खं ग्रँट पार्क रॉकवाल्यांच्या ताब्यात असतं आणि ऑर्केस्ट्रा शेजारच्या हॅरिस थिएटरमध्ये, बंद छताखाली, वाजवतो. वाजवत असतील उत्तमच, पण जाळीखाली बसायला मिळत नसेल तर मी घरी पोथी वाचेन.