‘टू’ की ‘इंग’: क्रियापदांच्या जोड्या शिकवणाऱ्या एका पुस्तिकेविषयी

कामाच्या एका पत्रात मला असे कळवायचे होते की, समोरून काहीच उत्तर येत नसल्यामुळे मी त्या गृहस्थांना फोन करणे थांबवले आहे. मी लिहिले, ‘आय स्टॉप्ड टू कॉल हिम.’ वरिष्ठांनी लगेच विचारले, ‘मग ते काय म्हणाले?’ माझ्या वाक्याचा अर्थ ‘त्यांना फोन करायला मी थांबलो’ असा झाला होता. शब्द सगळे बरोबर, काळ बरोबर, चूक फक्त दुसऱ्या क्रियापदाच्या रूपात होती; ‘टू कॉल’ऐवजी ‘कॉलिंग’ हवे होते. त्या आठवड्यात घेतलेली स्वाध्याय-पुस्तिका आता दोनदा सोडवून झाली आहे, म्हणून तिच्याविषयी लिहीत आहे.

पुस्तिकेचा विषय एकच आहे: एका क्रियापदामागून दुसरे क्रियापद आले की ते ‘टू’ घेऊन येते, ‘इंग’ लावून येते की काहीच न घेता येते. सुरुवातीला व्याख्यांची पाने नाहीत, ही मला पहिली जमेची बाजू वाटली. ‘वॉन्ट’, ‘डिसाइड’, ‘रिफ्यूज’, ‘प्रॉमिस’ यांच्यामागून ‘टू’ आणि ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’, ‘माइंड’ यांच्यामागून ‘इंग’, असे गट करून प्रत्येक क्रियापद रोजच्या वापरातल्या चार-पाच वाक्यांत दाखवले आहे. ही पद्धत नवी नाही. जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे ए. एस. हॉर्नबी आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १९४२ मध्ये टोकियोत जो विद्यार्थिकोश प्रसिद्ध केला, त्यात क्रियापदाच्या अर्थाबरोबरच त्याची रचना देण्याची सोय होती, आणि पुढे १९५४ च्या पुस्तकात हॉर्नबी यांनी अशा २५ रचना सविस्तर मांडल्या. इंग्रजीत क्रियापदाचा अर्थ कळला म्हणजे त्याची रचना कळतेच असे नाही. ‘होप’ आणि ‘लुक फॉरवर्ड’ अर्थाने शेजारी आहेत, पण एकीकडे ‘होप टू मीट’ आणि दुसरीकडे ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग’. दुसऱ्या वाक्यातला ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय आहे, हे पुस्तिकेने एका ओळीत सांगून टाकले आहे, आणि तेवढे पुरते.

सर्वांत चांगला झालेला पाठ ‘वॉन्ट’, ‘लेट’ आणि ‘मेक’ यांचा आहे. ‘तू यावेस असे मला वाटते’ हे वाक्य डोक्यात ठेवून आपण ‘आय वॉन्ट दॅट यू कम’ लिहून बसतो. इंग्रजीला तेथे ‘आय वॉन्ट यू टू कम’ हवे असते, म्हणजे आपल्याकडे येण्याचा कर्ता असलेला ‘तू’ तिकडे ‘वॉन्ट’चे कर्म होऊन बसतो. ‘लेट’ आणि ‘मेक’ यांना मात्र ‘टू’ चालत नाही: ‘शी लेट मी गो’, ‘शी मेड मी वेट’. पण हेच दुसरे वाक्य कर्मणी केले की गेलेला ‘टू’ परत येतो, ‘आय वॉज मेड टू वेट’. येथे पुस्तिका घाई करत नाही. एकाच प्रसंगाची कर्तरी आणि कर्मणी वाक्ये समोरासमोर ठेवून ती वीस वेळा लिहून घेते. कंटाळा येतो, पण हात वळतो.

आता तक्रारीकडे येतो. ‘स्टॉप’, ‘रिमेंबर’, ‘ट्राय’ आणि ‘रिग्रेट’ ही क्रियापदे ‘टू’ आणि ‘इंग’ दोन्ही घेतात आणि प्रत्येक वेळी अर्थ बदलतो. पुस्तिकेने प्रत्येक वाक्याखाली मराठी अर्थ दिला आहे खरा, पण दोन्ही रूपांसाठी सरसकट ‘णे’ वापरला आहे: ‘कुलूप लावणे लक्षात ठेवणे’, ‘कुलूप लावणे लक्षात असणे’. असे मराठी कोणी बोलत नाही. आपण म्हणतो, ‘कुलूप लावायची आठवण ठेव’ आणि ‘कुलूप लावल्याचे मला आठवते’. ‘लावायची’ म्हणताच काम अजून व्हायचे आहे हे कळते, ‘लावल्याचे’ म्हणताच ते होऊन गेले आहे हे कळते, आणि ‘रिमेंबर टू लॉक’ व ‘रिमेंबर लॉकिंग’ यांतला फरक नेमका हाच आहे. ‘कळवायला वाईट वाटते’ म्हणजे ‘रिग्रेट टू इन्फॉर्म’. ‘बोलल्याचा पश्चात्ताप होतो’ म्हणजे ‘रिग्रेट सेइंग’. खिडकी घट्ट बसली असेल तर आपण ती ‘उघडायचा प्रयत्न’ करतो, तेथे ‘ट्राय टू ओपन’; खोलीत कोंदट वाटत असेल तर ‘खिडकी उघडून बघ’ म्हणतो, तेथे ‘ट्राय ओपनिंग’. माझे फसलेले वाक्यसुद्धा मराठीत कधीच फसले नसते, कारण ‘फोन करायला थांबलो’ आणि ‘फोन करायचा थांबलो’ यांची गल्लत आपल्यापैकी कोणी करणार नाही. हा मेळ सगळीकडे बसत नाही, हे मान्य आहे. ‘मला वाचायला आवडते’ यातल्या ‘वाचायला’वर विसंबून ‘एन्जॉय टू रीड’ लिहिले तर चूकच होईल. पण जेथे मेळ बसतो तेथे तो न दाखवता वाचकाला सूत्र पाठ करायला लावणे, ही मराठी वाचकांसाठी काढलेल्या पुस्तिकेत मला मोठीच उणीव वाटते.

उत्तरसूचीही अनावश्यक कडक आहे. ‘हेल्प मी टू कॅरी’ आणि ‘हेल्प मी कॅरी’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध असताना पहिले चूक ठरवले आहे. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, हा नियमही जणू दगडावरची रेघ असल्यासारखा दिला आहे. इंग्रजीच्या शुद्धतेवर लिहिणारे हेन्री ऑल्फर्ड यांनी १८६४ मध्ये अशा रचनेवर आक्षेप घेतला होता हे खरे, परंतु वाक्य संदिग्ध किंवा कृत्रिम होण्यापेक्षा ही जोडी फोडलेली बरी, असे इंग्रजी शब्दवापराचा प्रसिद्ध कोश लिहिणारे फाउलर यांनी १९२६ मध्येच सांगून ठेवले आहे. सोबतच्या ध्वनिफितींविषयी तक्रार नाही. भरभर बोलताना ‘वॉन्ट टू’चा ‘वॉना’ कसा होतो, ते त्यांत स्पष्ट ऐकू येते.

थोडेफार इंग्रजी लिहिणाऱ्या, पण पत्र पाठवण्यापूर्वी दुसऱ्या क्रियापदापाशी अडखळणाऱ्या वाचकाने ही पुस्तिका जरूर घ्यावी. अगदी नवशिक्याला ती जड जाईल. एक क्रियापद मात्र त्याला तिच्यात सापडणार नाही. ‘त्यांनी मला थांबायला सुचवले’ या वाक्यावरून आपण ‘ही सजेस्टेड मी टू वेट’ असे हमखास लिहितो, आणि ते चूक आहे. ‘ही सजेस्टेड वेटिंग’ किंवा ‘ही सजेस्टेड दॅट आय वेट’ असे हवे. शेवटच्या कोऱ्या पानावर मी ते पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.